ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग पहिल्यांदा शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी

पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला, बी.एस्सी. संगणकशास्त्राला किंवा बीसीएला ज्यांच्याकडे यंदा प्रथमच ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग हा विषय आला आहे, त्या शिक्षकांसाठी हा लेख लिहिला आहे. विद्यार्थी या विषयाला ‘ऊप्स’ म्हणतात, आणि बहुतेक ठिकाणी त्याची सुरुवात एन्कॅप्सुलेशन, ॲब्स्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स आणि पॉलिमॉर्फिझम या चार शब्दांच्या व्याख्यांनी होते.

मी शिकवायला सुरुवात केली त्या वर्षी मीही पहिल्याच तासाला फळ्यावर हेच चार शब्द लिहिले होते. सत्राच्या शेवटी तोंडी परीक्षेत एका मुलीने एन्कॅप्सुलेशनची व्याख्या एकदाही न अडखळता सांगितली. मग तिच्याच प्रोग्रामवर बोट ठेवून मी विचारले, की हा प्रोग्राम चालू असताना यात किती ऑब्जेक्ट तयार होतात? तिने फाईलमधले क्लास, म्हणजे ऑब्जेक्टचे साचे, मोजले आणि ‘एक’ असे उत्तर दिले. प्रत्यक्षात लूपमध्ये तीस ऑब्जेक्ट तयार होत होते. चूक तिची नव्हती. तिला ऑब्जेक्ट कधी दिसलेच नव्हते; तिला क्लासचा मजकूर दिसला होता आणि त्याविषयीची वाक्ये ऐकू आली होती. तेव्हापासून मी हा विषय उलट्या क्रमाने शिकवतो. आधी एकाच प्रकारचे अनेक ऑब्जेक्ट हाताळायचे, मग त्यांचा क्लास लिहायचा आणि व्याख्या सगळ्यांत शेवटी द्यायच्या. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

उदाहरण निवडताना

पुस्तकांतून ‘प्राणी’ हा क्लास आणि त्याखाली कुत्रा, मांजर अशी उतरंड हमखास आढळते. नवशिक्यांसाठी हे उदाहरण मला निरुपयोगी वाटते, कारण त्यातला कुत्रा फक्त भुंकतो आणि भुंकण्यापूर्वी व भुंकल्यानंतर त्याच्यात काहीही बदललेले नसते. ऑब्जेक्ट कशासाठी असतात हे कळायचे असेल, तर उदाहरणात तीन गोष्टी हव्यात. एकाच प्रकारच्या अनेक गोष्टी असाव्यात, प्रत्येकीची स्वतःची माहिती दिवसागणिक बदलत असावी, आणि एकाच प्रश्नाचे उत्तर काढण्याचे दोन वेगळे नियम कुठे तरी असावेत.

कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर, पुणे या भागांतील ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी मी गावची दूध संस्था घेतो. सकाळ-संध्याकाळ सभासद दूध घालतात, प्रत्येक वेळी लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातील फॅट सोडून उरलेले घनपदार्थ) यांची नोंद होते, दरपत्रकावरून दर निघतो आणि दहा दिवसांनी बिल होते. पशुखाद्याची उचल घेतली असेल तर ती बिलातून कापली जाते. गाय आणि म्हैस यांची दरपत्रके वेगळी असतात. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, म्हशीच्या दुधाचा ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ धरून, आणि त्यापुढे वा मागे प्रत्येक पॉइंटला दर वाढतो किंवा घटतो. हे सारे वर्गातल्या निम्म्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त चांगले ठाऊक असते, आणि त्याचा फायदा असा की प्रोग्रामचे उत्तर चुकले तर ते शिक्षकाने सांगण्याआधी त्यांच्याच लक्षात येते. शहरातील विद्यार्थ्यांसाठी खानावळीचे महिन्याचे खाते घ्यावे. त्यातले खाडे, पाहुण्यांची जादा ताटे आणि आगाऊ भरलेले पैसे यांतून तेच सारे मुद्दे निघतात.

पहिली पायरी: ऑब्जेक्टशिवाय प्रोग्राम लिहून अडचण अनुभवू द्यावी

पहिल्या प्रॅक्टिकलला क्लास हा शब्दही उच्चारू नये. विद्यार्थ्यांना व्हेरिएबल, लूप, फंक्शन आणि यादी एवढे येते असे धरून, त्यांना सभासदांचे कोड, लिटर आणि फॅट अशा तीन वेगळ्या याद्या करायला सांगाव्यात. कोड ११, १४, १७ आणि २३. लिटर ८, ५, ६.५ आणि १२. त्यावरून प्रत्येकाचे बिल छापायचे. हे सर्वांना जमते. मग सांगावे, की १४ नंबरची नोंद चुकून झाली होती, ती काढून टाका. बॅचमधील काही जण ती फक्त लिटरच्या यादीतून काढतात. आता १४ नंबरच्या नावावर १७ नंबरचे साडेसहा लिटर दूध चढते, १७ नंबरला २३ नंबरचे बारा लिटर मिळते, आणि २३ नंबरपाशी पोहोचल्यावर यादी संपल्याची एरर येऊन प्रोग्राम थांबतो. तोपर्यंत दोन चुकीची बिले छापून झालेली असतात.

येथे घाई करू नये. ‘सतरा नंबरला बारा लिटर कसे आले?’ हा प्रश्न फळ्यावर लिहून दहा मिनिटे त्यांनाच शोधू द्यावे. ज्याची माहिती त्याच्यापाशी एकत्र राहिली असती तर हे घडले नसते, हे वाक्य विद्यार्थ्यांपैकीच कोणी तरी बोलून दाखवते, आणि पुढील सर्व तास त्या वाक्यावर उभे राहतात.

दुसरी पायरी: कागदावरचा खेळ

दुसऱ्या तासाला संगणक लागत नाही. पोस्टकार्डाएवढे कोरे कागद लागतात. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८९ मध्ये अशा कार्डांची पद्धत मांडली होती. कार्डाच्या वर क्लासचे नाव, डावीकडे त्याची जबाबदारी आणि उजवीकडे त्याला ज्यांची मदत लागते ते सहकारी क्लास, एवढेच त्यावर लिहायचे असते. नवशिक्यांसाठी मी त्यात एक बदल करतो. कार्ड क्लासचे न करता एकेका ऑब्जेक्टचे करतो, आणि प्रत्येक कार्ड एका विद्यार्थ्याच्या हाती देतो.

तिघे सभासद होतात, एक जण गायीचे दरपत्रक, एक जण म्हशीचे दरपत्रक आणि एक जण सचिव. नियम एकच असतो: दुसऱ्याचे कार्ड वाचायचे नाही, जे हवे ते विचारायचे. सचिव सतरा नंबरच्या सभासदाला म्हणतो, ‘तुमचे बिल सांगा.’ सतरा नंबरचे कार्ड हातात असलेली मुलगी आपल्या नोंदी पाहते, पण तिच्याकडे दर नसतो. म्हणून ती दरपत्रकाकडे वळून विचारते, ‘३.८ फॅट, ८.५ एसएनएफ, दर किती?’ दरपत्रक झालेला मुलगा आपल्या कागदावरून आकडा सांगतो. ती गुणाकार करते, उचल वजा करते आणि सचिवाला एकच रक्कम सांगते. सचिव उतावीळ होऊन तिच्या कार्डात डोकावू लागला, तर खेळ तिथेच थांबवावा आणि वर्गाला विचारावे, की त्याने डोकावून एखादा आकडा स्वतःच खोडला असता तर दहाव्या दिवशी भांडण कोणाशी झाले असते? एन्कॅप्सुलेशन हा शब्द अजून आलेला नसतो, तरी त्याचा अर्थ वर्गात पोहोचलेला असतो.

याच तासात आपल्या भाषेमुळे होणारा एक गोंधळ दूर करावा. ऑब्जेक्टला आपण ‘वस्तू’ म्हणतो, आणि मराठीत वस्तू म्हणजे हाताला लागणारी, निर्जीव गोष्ट. त्यामुळे ‘या व्यवहारातले ऑब्जेक्ट सांगा’ म्हटले की विद्यार्थी काटा, कॅन आणि फॅट मशीन सांगतात. सकाळची एक नोंद किंवा दरपत्रक हाही ऑब्जेक्ट असू शकतो हे त्यांना सुचत नाही. म्हणून मी वस्तू हा शब्द टाळतो, ऑब्जेक्टच म्हणतो आणि विद्यार्थ्यांना प्रश्न असा विचारतो: ‘या व्यवहारात कोणाला काय विचारता येते?’ ज्याला काही विचारता येते आणि जो उत्तरासाठी स्वतःची माहिती वापरतो, तो ऑब्जेक्ट. संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांनी ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ ही संज्ञा रूढ केली, आणि त्यांनीही पुढे खंत व्यक्त केली की ऑब्जेक्ट या शब्दामुळे लोकांचे लक्ष ऑब्जेक्टवर खिळले, खरी महत्त्वाची कल्पना मात्र ऑब्जेक्टनी एकमेकांना पाठवायच्या संदेशांची होती.

इतिहास सांगायचाच असेल तर तो येथे पाच मिनिटांत सांगावा. १९६० च्या दशकात ओस्लो येथील नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन नीगार्ड यांनी सिम्युला ही भाषा तयार केली आणि सिम्युला ६७ मध्ये क्लास, ऑब्जेक्ट आणि इनहेरिटन्स या तिन्ही कल्पना आल्या. नावाप्रमाणेच ती भाषा सिम्युलेशनसाठी, म्हणजे रांगा आणि वाहतूक यांसारख्या अनेक घटक एकाच वेळी हलत असलेल्या व्यवहारांची नक्कल करण्यासाठी होती. विद्यार्थ्यांनी नुकताच कार्डे घेऊन जो खेळ केला, त्याच गरजेतून हा विषय जन्मला आहे, एवढे त्यांना कळले की पुरे.

तिसरी पायरी: तयार क्लास द्यावा आणि ऑब्जेक्ट त्यांना करू द्यावेत

आता संगणकावर यावे, पण क्लास लिहायला सांगू नये. सभासद हा क्लास शिक्षकाने लिहून द्यावा आणि विद्यार्थ्यांनी त्यापासून ऑब्जेक्ट तयार करावेत. अभ्यासक्रमात जावा असेल तर ब्लूजे हे मोफत साधन वापरावे. मायकेल कोलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते खास शिकवण्यासाठी तयार केले आणि १९९९ पासून ते उपलब्ध आहे. त्यात क्लासच्या चौकोनावर उजवे क्लिक करून ऑब्जेक्ट तयार करता येतो, तो खालच्या पट्टीत वेगळा दिसतो, त्याच्या मेथड, म्हणजे त्याला सांगता येणारी कामे, एकेक करून चालवता येतात आणि त्याच्या आत कोणती मूल्ये आहेत हे उघडून पाहता येते. मेन मेथड लिहावीच लागत नाही, ही त्यातील मोठी सोय आहे. कारण जावाच्या पहिल्या तासाला ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ ही ओळ आली की विद्यार्थी ऑब्जेक्टच्या आधी स्टॅटिक, म्हणजे ऑब्जेक्टशिवाय चालणारी मेथड, शिकतात आणि मग प्रत्येक मेथडला स्टॅटिक लावून एरर घालवू पाहतात. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ मध्ये ही ओळ साध्या रूपात लिहिण्याची मुभा मिळाली आहे, तथापि प्रयोगशाळेत ती आवृत्ती नसेल तर ब्लूजे हाच सोपा मार्ग आहे. पायथन असेल तर त्याच्या शेलमध्ये हेच सारे एकेक ओळ लिहून करता येते. सी प्लस प्लस शिकवणाऱ्यांनी मात्र आधी कंपायलर पाहावा. त्या भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक १९९८ मध्ये आले. त्याआधीच्या कंपायलरवर शिकलेला प्रोग्राम विद्यार्थ्याच्या घरच्या संगणकावर अनेकदा चालत नाही, आणि दोष भाषेचा की आपला हे त्याला कळत नाही.

या पायरीवरील एकच नियम काटेकोरपणे पाळावा: ऑब्जेक्ट कधीही एकटा तयार करू नये. किमान दोन, शक्यतो तीन करावेत. एकच सभासद तयार केला तर क्लास आणि ऑब्जेक्ट यांत फरक दिसण्याचे कारणच उरत नाही. सतरा नंबरच्या खात्यात साडेसहा लिटर जमा करावे आणि लगेच तेवीस नंबरचे एकूण लिटर विचारावे. ते शून्यच राहिलेले पाहून जो विद्यार्थी मान डोलावतो, त्याला प्रत्येक ऑब्जेक्टची माहिती वेगळी असते हे वेगळे सांगावे लागत नाही.

चौथी पायरी: क्लास लिहिणे आणि ‘सेल्फ’ समजणे

आता विद्यार्थी स्वतः क्लास लिहितील. कन्स्ट्रक्टर म्हणजे नवीन सभासदाचा प्रवेश अर्ज, असे सांगितले तर तो पटकन कळतो, कारण ज्या माहितीशिवाय सभासद होताच येत नाही तीच त्यात मागायची असते. खरी अडचण पायथनमध्ये ‘सेल्फ’ची आणि जावामध्ये ‘धिस’ची येते, आणि येथे पूर्ण एक तास द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

पायथनमध्ये विद्यार्थी ‘जमा’ ही मेथड लिहितो, तिला फक्त लिटर हा पॅरामीटर देतो, आणि सतरा नंबरच्या ऑब्जेक्टवर ती ६.५ देऊन चालवतो. एरर येते: एक आर्ग्युमेंट अपेक्षित असताना दोन दिली. विद्यार्थी बोटे मोजतो; त्याने तर एकच दिले आहे. हा क्षण वाया जाऊ देऊ नये. बिंदूच्या आधी जो ऑब्जेक्ट लिहिला, तोच पायथनने गुपचूप पहिले आर्ग्युमेंट म्हणून पाठवला, हे दाखवण्यासाठी तीच मेथड दोन प्रकारे चालवून दाखवावी. एकदा नेहमीप्रमाणे ऑब्जेक्टच्या नावापुढे बिंदू देऊन. आणि एकदा क्लासच्या नावापुढे बिंदू देऊन, कंसात आधी तो ऑब्जेक्ट आणि मग ६.५ लिहून. दोन्हींचा परिणाम एकच असतो. मेथडचा मजकूर क्लासमध्ये एकदाच लिहिलेला आहे, परंतु ती चालते तेव्हा ‘कोणाच्या खात्यात?’ या प्रश्नाचे उत्तर सेल्फ देतो.

जावामध्ये चूक वेगळ्या रूपात येते. कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरचे नाव आणि ऑब्जेक्टमधील फील्डचे नाव एकच असते आणि विद्यार्थी ‘धिस’ न लिहिता नाव बरोबर नाव असे लिहितो. पॅरामीटर स्वतःलाच स्वतःचे मूल्य देतो, फील्ड रिकामे राहते, कंपायलर थांबवत नाही, आणि बिलावर नावाच्या जागी ‘नल’ छापले जाते. ही चूक शिक्षकाने स्वतः फळ्यावर करून दाखवावी आणि विद्यार्थ्यांना शोधायला लावावी.

पायथन ३ मध्ये व्हेरिएबल आणि मेथड यांची नावे देवनागरीतही देता येतात, आणि पहिल्या एक-दोन प्रॅक्टिकलांना मी ती देऊ देतो. ‘सभासद’, ‘लिटर’, ‘जमा’ ही नावे वाचताना मुलांना भाषांतर करावे लागत नाही. कीवर्ड मात्र रोमनच राहतात, त्यामुळे कळफलक सतत बदलावा लागतो आणि तिसऱ्या प्रॅक्टिकलला मुले आपणहून रोमनकडे वळतात. एक खबरदारी घ्यावी: काही कळफलक ‘ऱ्य’सारखे जोडाक्षर लिहिताना मध्ये न दिसणारे जोडचिन्ह घालतात आणि पायथन ते नाव नाकारतो, त्यामुळे ‘शेतकऱ्याचे_नाव’ असे नाव ठेवण्यापूर्वी ते चालवून पाहावे.

पाचवी पायरी: संगणकाच्या स्मृतीचे चित्र काढायला शिकवावे

माझ्या अनुभवात या विषयातल्या निम्म्याहून अधिक चुका येथे जन्मतात. म्हणून या पायरीपासून सत्र संपेपर्यंत प्रत्येक प्रोग्रामचे चित्र वहीत काढायला लावावे. डावीकडे व्हेरिएबलची नावे, उजवीकडे ऑब्जेक्टचे चौकोन आणि त्यांना जोडणारे बाण. फिलिप ग्वो यांनी २०१० मध्ये तयार केलेले पायथन ट्यूटर हे संकेतस्थळ हेच चित्र ओळीगणिक काढून दाखवते आणि त्यात जावाही चालतो. परंतु ते आधी दाखवू नये. विद्यार्थ्याने आपले चित्र काढावे, मग संकेतस्थळावरचे चित्र पाहावे आणि जिथे फरक पडला तिथे पेन्सिलने खूण करावी.

चित्रासाठी तीन प्रसंग पुरेसे आहेत. पहिला प्रसंग दरपत्रकाचा. तिन्ही सभासदांना एकच दरपत्रक दिलेले आहे. तेवीस नंबरच्या मार्फत त्यातला मूळ दर बदलला, तर सतरा नंबरचे बिल बदलेल का? ज्यांनी चित्रात तीन चौकोन काढले ते ‘नाही’ म्हणतात, ज्यांनी एक चौकोन आणि तीन बाण काढले ते ‘होय’ म्हणतात. कोण बरोबर हे प्रोग्राम चालवून ठरवावे. एका व्हेरिएबलची किंमत दुसऱ्याला दिली म्हणजे ऑब्जेक्टची प्रत निघत नाही, फक्त आणखी एक बाण तयार होतो, हे येथे पक्के होते.

दुसरा प्रसंग नावांचा. गावात एकाच नावाचे दोन सभासद असतातच. नवशिके विद्यार्थी व्हेरिएबलचे नाव, नाव या फील्डमधील मूल्य आणि प्रत्यक्ष ऑब्जेक्ट या तिन्ही गोष्टी एकच समजतात. दोन सभासद तयार करून दोघांच्या नावाच्या फील्डमध्ये तेच नाव घालावे आणि विचारावे, की ऑब्जेक्ट किती? त्याच ओघात आणखी एक प्रश्न घ्यावा: दोन सभासदांनी एकाच सकाळी तितकेच लिटर, तितक्याच फॅटचे दूध घातले, तर त्या दोन नोंदी समान म्हणायच्या की एकच म्हणायच्या? त्या एक मानल्या तर कोणाचे तरी दूध फुकट जाते. जावामधील दुहेरी बरोबरचे चिन्ह आणि ‘इक्वल्स’ मेथड यांतील फरक व्याख्येने शिकवण्याऐवजी या प्रश्नाने शिकवावा.

तिसरा प्रसंग पायथनपुरता आहे. नोंदींची रिकामी यादी कन्स्ट्रक्टरमध्ये तयार न करता थेट क्लासच्या खाली लिहिली, तर सर्व सभासदांच्या नोंदी एकाच यादीत जमा होतात आणि प्रत्येकाला संपूर्ण गावाच्या दुधाचे बिल मिळते. बिलाचा आकडा इतका डोळ्यांत भरतो की ही चूक पुन्हा होत नाही.

सहावी पायरी: जबाबदारी कोणाची

एन्कॅप्सुलेशन हा शब्द आता उच्चारावा. नोंद करताना ३.५ ऐवजी ३५ फॅट टाइप झाले, दशांशचिन्ह राहून गेले. तर ही नोंद कोणी नाकारायची? सचिवाने, बिल काढणाऱ्या मेथडने, की नोंदीने स्वतः? थोड्या चर्चेनंतर वर्ग नोंदीच्या कन्स्ट्रक्टरपाशी येतो, कारण चुकीची नोंद जन्मालाच आली नाही तर पुढे कोणालाच तपासावे लागत नाही. जावामध्ये त्यासाठी फील्ड प्रायव्हेट करावे लागते. पायथनमध्ये नावाआधी एक अधोरेखा देण्याचा संकेत आहे. भाषा कोणाला अडवत नाही, आणि हे विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगावे.

प्रत्येक प्रायव्हेट फील्डसाठी एक गेटर (मूल्य सांगणारी मेथड) आणि एक सेटर (मूल्य बदलणारी मेथड) लिहायला लावण्याची प्रथा प्रयोगशाळांत फार रुजली आहे. मी ती माझ्या वर्गात बंद केली. एकूण उचल थेट बदलणारा सेटर दिला, तर फील्ड प्रायव्हेट करून काय मिळवले? त्याऐवजी ‘उचल दे’ आणि ‘उचल कापून घे’ अशा दोन मेथड लिहाव्यात आणि कापलेली रक्कम उचलीपेक्षा जास्त होणार नाही हे त्यांनीच पाहावे. सेटर लिहिण्याआधी ‘हे बाहेरून कोणाला, कशासाठी बदलायचे आहे?’ याचे उत्तर वहीत लिहायला लावले, की निम्मे सेटर आपोआप गळून पडतात.

सातवी पायरी: आधी पॉलिमॉर्फिझम, मग इनहेरिटन्स

अभ्यासक्रमात इनहेरिटन्स आधी असते. क्रम बदलण्याची मुभा शिक्षकाला असतेच, आणि येथे ती अवश्य घ्यावी.

बिल काढणाऱ्या मेथडमध्ये विद्यार्थी आधी ‘गाय असेल तर हे, म्हैस असेल तर ते’ अशी अट लिहितात. ती तशीच राहू द्यावी आणि मग तीच अट बिलात, दैनिक अहवालात आणि पावतीत अशी तीन ठिकाणी लिहावी लागेल अशी कामे द्यावीत. त्यानंतर कार्डांचा खेळ आठवून द्यावा: सभासदाने दर विचारला तेव्हा समोरचे दरपत्रक गायीचे आहे की म्हशीचे, हे त्याला माहीत असण्याची गरज होती का? दोन्ही दरपत्रकांना ‘दर काढ’ हा एकच प्रश्न कळतो आणि प्रत्येक आपापल्या नियमाने उत्तर देते; हेच पॉलिमॉर्फिझम. दोन क्लास, एकाच नावाची मेथड, आणि नोंदीसोबत तिचे दरपत्रक. अट तिन्ही ठिकाणांहून निघून जाते. जावामध्ये यासाठी इंटरफेस लागतो आणि पायथनमध्ये तोही लागत नाही. सी प्लस प्लसमध्ये बेस क्लासमधील मेथडला ‘व्हर्च्युअल’ लावायचे राहिले, तर बेस पॉइंटरवरून बेसचीच मेथड चालते. ही चूक तिथे मुद्दाम करून दाखवावी.

इनहेरिटन्स, म्हणजे वरच्या क्लासमधले सारे खालच्या क्लासला आपोआप मिळणे, आता शिकवावे, आणि ते एका चुकीच्या रचनेपासून सुरू करावे. ‘गायवाला सभासद’ आणि ‘म्हैसवाला सभासद’ असे सभासदाचे दोन उपक्लास करायला सांगितले तर वर्ग ते आनंदाने करतो. मग विचारावे, की ज्याच्या गोठ्यात गाय आणि म्हैस दोन्ही आहेत त्याला कोणत्या क्लासमध्ये घालाल? आणि ज्याने दिवाळीनंतर गाय विकून म्हैस घेतली, त्याचा ऑब्जेक्ट मधेच क्लास कसा बदलेल? सहसा एखादा विद्यार्थी ‘गाय-म्हैसवाला सभासद’ असा तिसरा क्लास सुचवतो. तो फळ्यावर काढावा आणि मग शेळीचे नाव घ्यावे. चौथा, पाचवा, सहावा, सातवा क्लास काढताना वर्गालाच कळते की फरक सभासदात नव्हता, दुधात होता. दरपत्रकांत मात्र इनहेरिटन्स शोभते: पॉइंटचा हिशेब दोन्हींकडे सारखाच, फक्त मूळ फॅट, मूळ एसएनएफ आणि दर वेगळे, म्हणून सामाईक हिशेब वरच्या क्लासमध्ये जातो.

‘अमुक हा तमुक आहे’ असे वाक्य बनले की इनहेरिटन्स करावे, अशी कसोटी सर्रास शिकवली जाते. ती अपुरी आहे. चौरस हा आयत आहे हे गणितात खरे असले, तरी ज्या आयताची फक्त लांबी बदलता येते त्याच्या जागी चौरस ठेवला तर प्रोग्राम चुकतो. वरच्या क्लासचा ऑब्जेक्ट जिथे अपेक्षित आहे तिथे खालचा ठेवला तरी कोणाचा अपेक्षाभंग होऊ नये, हा विचार संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये मांडला. पहिल्या सत्रात तो एवढ्याच वाक्यात सांगावा.

आठवी पायरी: परीक्षा आणि मूल्यमापन

लेखी परीक्षेत व्याख्या विचारल्या जातात आणि विद्यार्थ्यांना गुण हवे असतात. त्यांचे नुकसान करण्याचा अधिकार आपल्याला नाही. म्हणून शेवटचे दोन तास केवळ व्याख्यांसाठी ठेवावेत. प्रत्येक व्याख्येसोबत उदाहरण म्हणून दूध संस्थेतील नेमका प्रसंग लिहायला लावावा, म्हणजे उत्तरही पूर्ण होते आणि पाठांतरही हलके होते.

तोंडी परीक्षेत मात्र व्याख्या विचारू नयेत. विद्यार्थ्याचाच प्रोग्राम समोर ठेवावा आणि विचारावे: ही ओळ चालल्यानंतर एकूण ऑब्जेक्ट किती? या दोन व्हेरिएबलचे बाण एकाच चौकोनाकडे जातात का? ही ओळ काढली तर काय छापले जाईल? जर्नल दुसऱ्याचे उतरवून काढलेले असले तरी या प्रश्नांची उत्तरे उतरवता येत नाहीत, आणि ज्याने स्वतः चित्रे काढली आहेत त्याला ती अर्ध्या मिनिटात देता येतात.

शेवटच्या प्रॅक्टिकलला नवीन प्रोग्राम देऊ नये. प्रत्येकाने आपला जुनाच प्रोग्राम उघडावा आणि शिक्षकाने संस्थेचा एक नवा ठराव वाचून दाखवावा: उद्यापासून संस्था शेळीचे दूध घेणार असून त्याचे दरपत्रक वेगळे आहे. विद्यार्थ्यांनी बदल करावा, प्रोग्राम चालवावा आणि आधीच्या किती क्लासना हात लावावा लागला तो आकडा जर्नलच्या पानावर वरच्या कोपऱ्यात लिहावा. ज्यांचा आकडा शून्य आहे, त्यांनी एक नवे दरपत्रक जोडलेले असते आणि मुख्य प्रोग्राममध्ये ते सभासदाच्या नोंदीला दिलेले असते. ज्यांचा आकडा चार आहे, त्यांच्या शेजारी बसावे, त्या चार जागा त्यांनाच पेन्सिलने अधोरेखित करायला सांगाव्यात, आणि त्यातली प्रत्येक अट कोणत्या ऑब्जेक्टला विचारता आली असती ते त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे.